उताराच्या मधोमध

माझ्या मुलीने आभाळातून पडणारा बर्फ कधी पाहिलेला नव्हता. तिने पाहिलेला सगळा बर्फ दुबईतल्या एका मॉलमध्ये, छपराखाली, यंत्राने पाडलेला होता. त्या बर्फावर ती सहा वर्षं स्की करत होती, आणि चांगली करत होती, असं तिची प्रशिक्षिका सांगायची. मला त्यातलं काही कळत नसल्यामुळे मी प्रशिक्षिकेवर विश्वास ठेवत असे.

यंदा तिच्या संघातल्या चार जणांना हिवाळ्यात युरोपात न्यायचं ठरलं होतं. खऱ्या डोंगरावर. चार जण निवडायला रविवारी चाचणी होती आणि त्या चारांत तिचं नाव येईल असं संघातल्या सगळ्यांना वाटत होतं. तिलाही वाटत होतं, पण ती तसं बोलत नव्हती. फक्त तिने तिच्या खोलीच्या खिडकीत बर्फाच्या डोंगराचं एक चित्र चिकटवलं होतं. विचारलं तर म्हणाली, "जस्ट लाइक दॅट." त्या खिडकीतून पार्किंग दिसतं.

आम्ही दुबईच्या अल मनखूल भागात राहतो. घरासमोर पार्किंग आहे, घरामागेही पार्किंग आहे. मुलीला अंगण देता आलं नाही ही बोच मला ती चालायला लागली तेव्हापासून आहे. त्यामुळे ती अकरा वर्षांची असताना म्हणाली की मला स्की शिकायचंय, तेव्हा मी विचार न करता हो म्हणालो. बायकोने फी विचारली, मनातल्या मनात दिऱ्हमचे रुपये केले, आणि ती एवढंच म्हणाली, "अहो, गावी फोनवर सांगू नका. डोक्यावर परिणाम झाला असं वाटेल त्यांना."

मी शारजाच्या पुढे, हमरिया फ्री झोनमध्ये, प्लॅस्टिकचे पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. रोज सकाळी पाळी सुरू होताना कामगारांसमोर उभं राहून हिंदीत सांगायचं की हेल्मेट घाला, पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चाला, लागलं तर लपवू नका. अपघात झाला की तपास मीच करतो. त्या कामात मी बरा आहे. कुणाची चूक, असं मी लिहीत नाही. कशामुळे झालं, ते लिहितो. एका गोष्टीमुळे क्वचितच काही होतं. बहुतेक वेळा तीन-चार कारणं एकाच वेळी एकाच ठिकाणी येऊन उभी राहिलेली असतात.

घरात मात्र मी तपास करत नसे. घरात मी थेट कबुली देत असे. भात करपला, लिफ्ट बंद पडली, मुलीला गणितात कमी मार्क पडले, तरी पहिलं सॉरी माझंच असायचं. ही माझी सवय कुणाला खटकत असेल असं मला कधी वाटलं नाही. मी त्याला चांगलं वागणं समजत होतो.

चाचणीच्या आधीच्या आठवड्यात मुलगी म्हणाली, "बाबा, या रविवारी तू पण ये. आत ये, खाली बेंचवर नाही." तिने असं आधी कधी म्हटलं नव्हतं. मी त्याआधी नवशिक्यांचे दोन वर्ग केले होते आणि सोप्या उतारावर एकट्याने जायची परवानगी मला मिळाली होती. परवानगी देणारा तरुण फार दयाळू होता, असं आता वाटतं.

आदल्या संध्याकाळी तिने आमच्या घरातल्या बोळात माझी उजळणी घेतली. मी मोज्यांवर उभा होतो.

"खाली कोण असेल त्याचा हक्क पहिला. का?"

"कारण त्याला पाठीला डोळे नसतात."

"करेक्ट. वरून येणाऱ्याने चुकवायचं. थांबायचं कुठे?"

"कडेला."

"आणि उंचवट्याच्या खाली?"

"तिथे थांबायचं नाही. वरून येणाऱ्याला दिसत नाही."

"पडलास तर?"

"उठायचं."

"उठायचं आणि कडेला जायचं. आधी कडेला, मग बाकी सगळं. लागलंय का, काठी कुठे गेली, सगळं नंतर."

मी म्हणालो की हे आमच्या फोर्कलिफ्टसारखंच आहे. चालणाऱ्याने तिच्या वाटेत उभं राहायचं नाही आणि चालवणाऱ्याने दिसत नसेल तर हळू यायचं.

"बाबा, फॉर यू एव्हरीथिंग इज अ फोर्कलिफ्ट," ती म्हणाली. पण खूश दिसली.

दुसऱ्या दिवशी बाहेर बेचाळीस अंश होते. आत उणे दोन होते. भाड्याचा कोट, भाड्याची पँट, भाड्याचे बूट घालून मी सिमेंटच्या गोणीसारखा दोरावरून वर जाणाऱ्या पाळण्यात बसलो आणि आम्ही दोघं वर निघालो. खाली लोक लहान लहान दिसत होते. मुलगी मला बोटाने दाखवत होती: इथे सोपा आणि अवघड उतार एकत्र होतात, तिथे तो उंचवटा, त्याच्या आधी आम्हाला वळावंच लागतं, कारण खाली नवीन लोक असतात.

मधल्या टप्प्यावर मी उतरलो. ती आणखी वर, अगदी माथ्यावर जाणार होती. तेव्हा मी तिला म्हणालो, "मी खाली जाऊन तळाच्या जाळीपाशी उभा राहतो. मग तू ये. एकदा जोरात येऊन दाखव की. सहा वर्षांत मी तुला नीट पाहिलेलंच नाहीये."

ती हसली. "ओके. बट गो स्लो, हं."

मी हळू गेलो. दोन्ही स्कींची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवलेली, वर्गात त्याला पिझ्झा म्हणतात. पिझ्झा जितका मोठा तितका वेग कमी. उंचवट्यापर्यंत माझा पिझ्झा चांगला होता. उंचवट्यावरून पुढे जमीन अचानक खाली गेली आणि पिझ्झा मिटला. समोर भाड्याच्याच कोटातल्या एक बाई माझ्याहून हळू, माझ्याहून मोठा पिझ्झा करून चालल्या होत्या. कोटाखाली लांब काळा झगा, हेल्मेटखाली डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. बहुतेक "अरे अरे अरे" असावं. माझी स्की त्यांच्या स्कीवर चढली, आणि आम्ही दोघं शेजारी शेजारी, एखाद्या लग्नात भारतीय बैठकीवर बसावं तसे, खाली बसलो.

आधी कडेला, मग बाकी सगळं, हे मला पाठ होतं. पण माझी स्की त्यांना लागली होती. पाय लागला की त्या माणसाला हात लावून नमस्कार करायचा, हे माझ्या हाताला माहीत आहे; त्यासाठी डोकं लागत नाही. पायाला जोडलेली दीड मीटर लांब पट्टी म्हणजे पायच, असं हाताने परस्पर ठरवलं. मी ओणवा झालो, त्यांच्या बुटाला हातमोज्याने स्पर्श केला आणि तो हात छातीला लावला. मग समाधान झालं नाही म्हणून पुन्हा लावला.

"अहो भाऊ, राहू द्या ओ. पाया कसले पडताय!" बाई म्हणाल्या.

मराठीत म्हणाल्या.

मी मान वर केली. "तुम्ही मराठी?"

"मग काय! रत्नागिरीची."

"रत्नागिरीत कुठे?"

"राजापूरकडची. तुम्ही?"

"मी साताऱ्याचा. पण माझी आत्या राजापूरला दिली होती."

"कुठल्या आळीत?"

आता मी हे लिहितोय तेव्हा मला त्या प्रश्नाला उत्तर देण्याची काही गरज नव्हती हे कळतं. मी उत्तर दिलं. आत्याचं घर कुठे होतं, ते आता विकलंय, तिची मुलं पुण्याला असतात, हे सगळं सांगितलं. बाईंनी सांगितलं की त्यांचे यजमान शारजात मसाल्याचा व्यापार करतात आणि त्या आता सूनमुख बघून निवांत बसायच्या वयात इथे आहेत.

"सुनेने बळेबळे आणलं बघा. म्हणते, अम्मी, मजा येईल. ती खाली बसून कॉफी पितेय आणि मी इथे मरतेय."

"लागलं का हो तुम्हाला फार?"

"लागलं ते बसायच्या जागी. सांगण्यासारखं नाही."

मी पुन्हा सॉरी म्हणालो. त्या पुन्हा राहू द्या म्हणाल्या. मी त्यांना उठायला हात दिला. त्यांनी तो धरला आणि मी खाली बसलो. मग त्या मला हात द्यायला लागल्या. आम्ही दोघं अत्यंत सभ्यपणे एकमेकांना खाली खेचत होतो. आमच्या पाठीमागे तो उंचवटा होता.

मुलगी माथ्यावरून निघाली तेव्हा तिने खाली जाळीपाशी निळ्या हेल्मेटचा एक माणूस पाहिला. भाड्याची हेल्मेटं सगळी निळीच असतात. तो माणूस मी आहे असं धरून ती आली. उंचवट्याच्या आधी वळायचं असतं. ती वळली नाही. तिला मला वेग दाखवायचा होता.

"बाबा!" एवढंच मला ऐकू आलं.

एका क्षणात तिला डावीकडे बाई दिसल्या आणि उजवीकडे मी. दोघांना चुकवायला जागा नव्हती. तिने बाईंना सोडलं आणि मला निवडलं. ते अगदी बरोबर होतं. तिचा खांदा माझ्या खांद्यावर आला, काहीतरी काडकन वाजलं, आणि आम्ही बापलेक गुंतून जाळीपर्यंत गेलो, जिथे मी मुळात उभा असायला हवा होतो.

गस्त घालणारा तरुण शिट्टी वाजवत आला. फिलिपिनो होता, चेहरा शांत. त्याने वर दोन लाल काठ्या एकमेकींवर तिरप्या रोवल्या, म्हणजे वरच्यांना कळेल की खाली कुणी पडलंय. मग बाईंना कडेला आणलं. मग माझ्याकडे वळला.

"सर, एनी पेन?"

"नो नो. एव्हरीथिंग फाइन."

"सर, हात वर करा प्लीज."

मी उजवा हात वर केला.

"दुसरा, सर."

"तो थोड्या वेळाने," मी म्हणालो.

मुलगी शेजारी गुडघ्यावर बसली होती. तिने हेल्मेट काढलं नव्हतं, पण काचेमागे तिचे डोळे मला दिसले. लागलं तर लपवू नका, हे मी रोज सकाळी सांगतो आणि माणसं का लपवतात याचं मला नेहमी आश्चर्य वाटायचं. तेव्हा कळलं, ती स्वतःसाठी लपवतच नसतात. कुणीतरी दुसरं अडचणीत येईल म्हणून लपवतात. माझा हात वर जात नाही म्हटल्यावर धडक गंभीर ठरणार होती, आणि गंभीर धडकेत वरून आलेल्या माणसाची चौकशी होते. संघातल्या मुलांसाठी तो नियम आणखी कडक होता. चाचणी पुढच्या रविवारी होती.

"नेमकं काय झालं?" गस्तवाल्याने विचारलं.

"माझी चूक," मी म्हणालो.

"माय फॉल्ट," मुलगी म्हणाली.

"बेटा, गलती मेरा है," बाई कडेवरून ओरडल्या. "हम ही बीच में बैठा था बातें करते. बच्ची को कुछ मत बोल."

गस्तवाला थोडा वेळ आमच्या तिघांकडे बघत राहिला. इतर दिवशी त्याला उलट गोष्ट ऐकायची सवय असावी. "प्लीज," तो म्हणाला, "वन बाय वन."

मुलगी म्हणाली, "मी वर होते. इथे वळायचं असतं. मी वळले नाही. आय वॉज टू फास्ट अँड आय डिडन्ट चेक."

"मीच तिला जोरात ये म्हणालो होतो," मी मध्ये बोललो.

"बाबा, स्टॉप."

"पण मी म्हणालो होतो ना."

"स्टॉप इट!"

गस्तवाल्याने तिघांची नावं आणि फोन नंबर घेतले. बाईंनी माझाही नंबर घेतला आणि म्हणाल्या, "हाडाचं काय निघतं ते कळवा हं, भाऊ."

प्रथमोपचाराच्या खोलीत मला पलंगावर झोपवलं. प्रशिक्षिका आली. युरोपातल्या कुठल्याशा डोंगराळ देशातली, उंच, फार न बोलणारी. पडद्यापलीकडे ती मुलीला एक एक विचारत होती आणि मुलगी उत्तरं देत होती.

"तुला दिसत होतं का उंचवट्याच्या पलीकडे?"

"नाही."

"मग वेग का कमी केला नाहीस?"

बाबांनी सांगितलं होतं म्हणून, हे वाक्य तिथे समोरच पडलेलं होतं. तिने ते उचललं नाही.

"मला कुणाला तरी दाखवायचं होतं," ती म्हणाली.

"आय टोल्ड हर!" मी पलंगावरून ओरडलो. "इट वॉज मी!"

प्रशिक्षिका आत आली. माझ्याकडे बघून सभ्यपणे हसली, म्हणाली की तुम्ही विश्रांती घ्या, आणि जाताना पडद्याची फट नीट बंद केली.

कॉलर बोन मोडलं होतं. दवाखान्यात केरळच्या नर्सने विचारलं की कशावरून पडलात. मी बर्फावरून म्हणालो. तिने खिडकीबाहेर पाहिलं. तेवढ्यात बायको आली, तिने माझा गळ्यात अडकवलेला हात बघितला, मुलीला पोटाशी धरलं, आणि मग मला म्हणाली, "आता गावी काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा."

घरी येताना बायको गाडी चालवत होती. मुलगी मागे होती. मी पुढे बसून मान वळवू शकत नव्हतो, म्हणून समोरच्या काचेशी बोललो.

"सॉरी बाळा. माझ्यामुळे झालं सगळं. मी तिथे बसायलाच नको होतं. आणि तुला जोरात यायला मीच सांगितलं. मी उद्या तुझ्या कोचना भेटून सगळं सांगतो."

मग ती मराठीत बोलली. एरवी ती बोलताना इंग्रजी मिसळते; निव्वळ मराठीत बोलायला लागली की मी सरळ बसतो.

"बाबा, तुमच्या फॅक्टरीत दोघं जण फोर्कलिफ्टच्या रस्त्यात गप्पा मारत उभे आहेत. आणि ड्रायव्हर न बघता वळला. तू काय लिहिशील?"

"दोन्ही लिहीन," मी म्हणालो.

"सुपरवायझर त्याला म्हणाला होता, लवकर ये. मग?"

"तेही लिहीन. तिन्ही."

"ड्रायव्हरचं खोडशील?"

मी गळ्यातली हाताची पट्टी उगाच सारखी केली.

"तू म्हणालास जोरात ये. ठरवलं मी. ते पण तू घेणार का माझ्याकडून?"

"तसं नाही गं. तुझी संधी जाईल म्हणून..."

"जाऊ दे ना!" तिचा आवाज फुटला. "माझी जाईल ना! तू सारखा सॉरी म्हणतोस, मग मला तुला समजवायला लागतं. दर वेळी. मी सायकलवरून पडले होते, रक्त येत होतं, आणि तू सॉरी सॉरी करत रडायला लागलास. मी तुझी पाठ थोपटत होते. मी सात वर्षांची होते, बाबा."

बायको सिग्नलला थांबली. तिने माझी बाजू घेतली नाही. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघितलं तेव्हा ती समोर लाल दिव्याकडे बघत होती, आणि मला कळलं की हे तिला नवीन नाहीये.

माझ्या तोंडाशी सॉरी आलं होतं. मी ते गिळलं. तोंडात दुसरं काही नसल्यामुळे मी घरापर्यंत गप्प बसलो.

मंगळवारी प्रशिक्षिकेचा फोन आला. मुलीने स्पीकर लावला नाही, खोलीचं दार लावून बोलली. बाहेर येऊन म्हणाली की ती संघात राहील, पण या चाचणीत तिला उतरता येणार नाही. महिनाभर सार्वजनिक वेळेत एकटीने वर जायचं नाही. म्हणजे युरोप नाही. हे तिने पाणी पिता पिता सांगितलं.

"मी एकदा भेटू का त्यांना?" मी विचारलं. "फक्त माझा भाग सांगतो. तुझ्या भागाला हात लावत नाही."

"तुझा भाग त्यांना माहितीय. सगळ्या मॉलला माहितीय." मग जरा मऊ होऊन, "तू गेलास तर त्यांना वाटेल मी पाठवलं. प्लीज."

त्या रात्री राजापूरच्या बाईंना मी फोन केला. त्या उशीवर बसत होत्या, बाकी ठीक होत्या. त्यांना मुलीचं सांगितलं.

"या अल्ला. पोरीचं एवढं नुकसान? भाऊ, मी येते. मी सांगते त्या मडमेला. मी गप्पा मारत बसले होते तिथे."

"नको ताई. तिने नको म्हटलंय."

"पण आपलीही चूक आहेच की."

"आहे," मी म्हणालो. "आपली आपल्याकडे ठेवू या."

त्या म्हणाल्या की सुनेला आता मी सांगून टाकलंय, मला मजा येत नाही, पुढच्या वेळी मीच कॉफी पिणार.

रविवारी मुलगी सकाळी तयार होऊन बाहेर आली. संघाचं जाकीट घातलं होतं. मी विचारलं, कुठे. म्हणाली, चाचणीला मदतीला माणसं लागतात. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी मोठा प्रश्न गिळला आणि "मी येऊ का?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "ये. बाहेर थांब."

मॉलच्या बाजूने त्या उताराला उंच काच आहे. काचेच्या अलीकडे लोक अर्ध्या बाह्यांत, चपला घालून आइस्क्रीम खात उभे असतात आणि पलीकडे कोट घातलेली माणसं वाफा सोडत असतात. मी हात गळ्यात अडकवून त्या लोकांत उभा राहिलो. एका माणसाने माझ्या हाताकडे, मग बर्फाकडे बघितलं आणि आपल्या मुलाला मागे ओढलं.

तिला उंचवट्यावर, कडेला, उभं केलं होतं. तिचं काम एवढंच होतं की खालचा भाग रिकामा असेल तर हिरवा झेंडा वर करायचा आणि कुणी असेल तर लाल. वर माथ्यावरचा खेळाडू तिचा झेंडा बघून निघायचा. एक एक मुलगा, एक एक मुलगी तिच्या अंगावरून सूं करत जात होती. तिच्या वर्गातली, तिच्याच बरोबर शिकायला सुरुवात केलेली एक मुलगी आली. मला न कळणाऱ्या त्या खेळातसुद्धा मला कळलं की ती फार चांगली आली. मुलीने झेंडा काखेत धरून टाळ्या वाजवल्या. जाड हातमोजे असल्यामुळे टाळ्यांना आवाज नसणार. मग पुन्हा खाली नीट बघितलं, दोन्ही बाजूंना, घाई न करता, आणि हिरवा वर केला.

मी काचेवर हात ठेवला नाही, हलवलाही नाही. तिने माझ्याकडे बघू नये असं मला वाटत होतं. ती कामावर होती.

ती बाहेर आली तेव्हा दुपार झाली होती. केस हेल्मेटने चापट झालेले, नाक लाल. खांद्यावर स्की, हातात काठ्या आणि पिशवी. चार नावं लागली होती. तिने मला ती सांगितली. चौथं नाव त्या मैत्रिणीचं होतं.

माझ्या डोक्यात वाक्यं तयार होती. कितीतरी वर्षांची तयार होती. ती सगळी माझ्यापासून सुरू होत होती. मी त्यांच्यातून दुसरं काही शोधत राहिलो आणि शेवटी एवढंच सापडलं.

"वाईट वाटतंय?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मी पुढे काय बोलतो याची ती वाट बघत होती. मला सांभाळायला तयार होत होती, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मी पुढे काही बोललो नाही.

"हो," ती म्हणाली. "खूप."

आणि ती रडायला लागली. आइस्क्रीमवाल्या लोकांच्या मधोमध, जोरात, लहान असताना रडायची तशी. मी तिच्या खांद्यावरून स्की काढून घेतल्या आणि चांगल्या हाताने धरून उभा राहिलो. एका हाताला त्या फार जड होतात. तिचं रडणं संपेपर्यंत मी त्या खाली ठेवल्या नाहीत.